एकट्याने पूर्ण न होणारा खेळ : जुन्या पोकेमॉनचं बरंवाईट

मराठी शाळेत मुलांना सोडलं की आपण पालक बाहेर कॉफी घेऊन उभे राहतो, आणि गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : "तुमच्याकडे गेमचं काय करता?" कुणी फोन लपवून ठेवतं, कुणी वेळ लावून देतं, कुणी हात टेकलेत. आज मी यावर उपदेश करणार नाही. मी एका जुन्या खेळाबद्दल बोलणार आहे, जो आमच्या घरी गेली दोन वर्षं खेळला जातो. त्याचं चांगलं काय, वाईट काय, आणि आपल्यासारख्या घरांना त्याचा उपयोग आहे का, ते पाहू. माझा व्यवसाय आयटी सल्लागाराचा, त्यात एमबीए झालेली, त्यामुळे ताळेबंद मांडायची सवय आहे. सांभाळून घ्या.

खेळ आहे पोकेमॉन. आताचा नव्हे, पहिला. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो गेम बॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्यांत आला. इथे अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये 'रेड' आणि 'ब्लू' या नावांनी आला. मी तेव्हा सोलापुरात होते आणि गेम बॉय नावाची वस्तू मी पाहिलेलीही नव्हती. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच असेल. भारतात पोकेमॉन पोचला तो मुख्यतः कार्टूनमधून, तेही काही वर्षांनी. त्यामुळे मूळ खेळ कसा आहे हे आपल्या पिढीला फारसं ठाऊक नाही.

थोडक्यात सांगते. एक मुलगा गाव सोडून निघतो. गवतातून, गुहांतून, समुद्रातून चालताना चित्रविचित्र प्राणी भेटतात. त्यांना दमवायचं, चेंडूत पकडायचं, वाढवायचं आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. एका वेळी सोबत सहाच प्राणी ठेवता येतात आणि प्रत्येकाला चारच डाव येतात. एकूण प्राणी १५१. त्यातला शेवटचा, म्यू, साध्या खेळात सापडतच नाही. म्हणजे गोळा करायचे ते १५०.

हा खेळ ज्यांच्या डोक्यातून निघाला ते सातोशी ताजिरी. टोकियोजवळच्या माचिदा भागात ते वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडायचा नाद होता. पुढे तिथली शेतं आणि तळी जाऊन इमारती आल्या. मोठेपणी त्यांनी दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, की या वायरीतून एक किडा इकडून तिकडे चालत गेला तर? त्या काळी ही केबल मुख्यतः एकमेकांना हरवण्यासाठी वापरली जायची. ताजिरींनी ती देवाणघेवाणीसाठी वापरली. त्यांच्या गेम फ्रीक या छोट्या कंपनीला खेळ पुरा करायला सुमारे सहा वर्षं लागली. बाजारात आला तेव्हा गेम बॉय हे यंत्रच सात वर्षांचं, म्हणजे जुनं झालेलं होतं.

आता जमेची बाजू.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट : हा खेळ एकट्याने पूर्ण होत नाही. हे चुकून झालेलं नाही, तसा तो बांधलाच आहे. रेडमध्ये स्कायथर मिळतो, पिन्सर मिळत नाही. ब्लूमध्ये उलटं. सुरुवातीला तीन प्राण्यांतला एकच निवडायचा, बाकीचे दोन तुमच्या खेळात पुन्हा कधीच मिळत नाहीत. पुढे दोन जीवाश्मांपैकी एकच उचलता येतो. आणि चार प्राणी असे आहेत की ते दुसऱ्याच्या यंत्रात पाठवल्याशिवाय त्यांचं शेवटचं रूप येतच नाही. त्यातला एक हाँटर. तो केबलमधून पलीकडे पोचला की त्याचा गेंगार होतो.

यातली गंमत बघा. गेंगार झाला तो मित्राच्या यंत्रात! आता तो मित्राने परत पाठवायचा. पाठवलाच पाहिजे असा खेळात कुठलाही नियम नाही. करार नाही, तक्रारखिडकी नाही. आहे तो फक्त भरवसा. आमच्याकडे रेड मुलीकडे आहे आणि ब्लू माझ्या दिरांच्या मुलाकडे, ते पेनसिल्व्हेनियात राहतात. एका रविवारी हाँटर पलीकडे गेला, तेवढ्यात काका "चला, ट्रॅफिक लागेल" म्हणाले आणि गेंगार गाडीत बसून गेला. पुढचा महिनाभर दोघांचे फोन चालले होते. "ताई, मी त्याला लढायला नेत नाहीये, नुसता ठेवलाय," असं तो रोज सांगायचा. महिन्याने गेंगार परत आला आणि त्याच्या बदल्यात हिने एक व्हल्पिक्स मागून घेतला. सोलापुरात आम्ही काडेपेटीचे छाप आणि ट्रंप कार्डं अशीच बदलायचो. कुणाचा शब्द खरा, कुणाला उधार द्यायचं नाही, हे आम्हाला त्याच अंगणात कळलं. इथे मुलांना तसं अंगण मिळत नाही. भावंडं मैलोन्मैल लांब असतात. दोघांना एकमेकांची खरीखुरी गरज भासेल असं निमित्त स्वस्तात मिळत असेल, तर ते मला मोलाचं वाटतं.

दुसरी जमेची बाजू, धीर. डोंगराजवळच्या एका ठिकाणी एक माणूस ५०० रुपयांना, म्हणजे खेळातल्या पैशांत, मॅजिकार्प नावाचा मासा विकतो. मासा अगदी निरुपयोगी, नुसता उड्या मारतो. मुलांना वाटतं, फसवलं आपल्याला. पण त्याला पुढे उभा करायचा, लगेच मागे घ्यायचा, दुसऱ्याने लढायचं, अनुभव दोघांत वाटला जातो. असं करत विसाव्या पातळीला त्याचा ग्याराडोस होतो, खेळातल्या दांडग्या प्राण्यांपैकी एक. कुणी समजावून सांगत नाही. मुलाने तग धरला तरच ते कळतं.

तिसरी, हिशेब. पंधरा प्रकार आहेत : पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला, वगैरे. सहाच जागा आणि चारच डाव असल्यामुळे सतत काहीतरी सोडावं लागतं. नवा डाव शिकवायचा तर जुना विसरावा लागतो. सुरुवातीची निवडही साधी नाही. चार्मँडर सगळ्यांना आवडतो, पण पहिल्या दोन आखाड्यांत दगड आणि पाणी समोर येतात आणि त्याची दैना होते. बल्बासॉर घेतला तर तेच आखाडे सोपे जातात.

आणि चौथी, हा खेळ तुम्हाला हाक मारत नाही. रोज हजेरी लावली नाही म्हणून काही बुडत नाही. आत दुकानं आहेत, पण खरा पैसा कुठेच लागत नाही. १५० प्राणी पूर्ण केले की एक प्रमाणपत्र पडद्यावर येतं आणि संपलं. संपणं ही किती मोठी सोय आहे, हे आताचे फोनवरचे खेळ पाहिले की कळतं. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाने एका महिन्यात नुसती रंगीत नाणी विकत घेऊन क्रेडिट कार्डाचं बिल फुगवलं. खेळाचं नाव सांगत नाही, कारण तसे डझनाने आहेत.

आता खर्चाची बाजू. ती लहान नाही.

पहिलं म्हणजे तोल नाही. सायकिक, म्हणजे मनःशक्तीचे प्राणी, इतके वरचढ आहेत की अलकझॅम किंवा म्यूटू हाती असला की डोकं चालवायची गरजच उरत नाही. त्यांना फक्त भुतं आणि कीटक भारी पडतात, असं खेळातली माणसं सांगतात. पण कीटकांचे डाव अगदी दुबळे आहेत. आणि भुतांच्या बाबतीत प्रोग्राममध्येच चूक राहिली आहे, भुताच्या डावाचा सायकिकवर काहीही परिणाम होत नाही. माझ्या दृष्टीने ही सर्वांत गंभीर चूक. मूल सांगितल्याप्रमाणे विचार करून भुताचा डाव टाकतं, हरतं आणि स्वतःलाच दोष देतं. नियम अवघड असला तरी चालेल, खोटा असून चालत नाही.

अशा चुका आणखी आहेत. 'फोकस एनर्जी' नावाचा डाव जोरदार फटक्याची शक्यता वाढवण्यासाठी आहे, प्रत्यक्षात ती कमी होते. शंभर टक्के बसणारा डावही २५६ वेळांत एकदा हुकतो. का? यंत्र ० ते २५५ मधला एक आकडा काढतं आणि तो २५५ पेक्षा लहान असेल तरच डाव लागू करतं. नेमका २५५ आला की फटका वाया. आमच्या धंद्यात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा लहान किंवा तितकाच' या फरकाने कितीतरी रात्री खाल्ल्या आहेत. मुलीला हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा यंत्रही चुकतं, कारण ते माणसाने लिहिलेलं असतं, हे तिला पटलं.

दुसरं, गैरसोय. पिशवीत वीसच प्रकारच्या वस्तू मावतात. पकडलेले प्राणी वीस-वीसच्या खोक्यांत साठतात आणि खोकं भरलं की ते हाताने बदलावं लागतं. नाही बदललं, तर ऐन वेळी दुर्मीळ प्राणी समोर असताना चेंडू टाकताच येत नाही. गुहांत चार पावलं टाकली की वटवाघूळ आडवं येतं. एक बोगदा तर काळोखाचा आहे. दिव्याचा डाव मिळवायला आधी दहा जातींचे प्राणी पकडून मागे परत जावं लागतं. नवख्या मुलांची बहुतेक तिथेच चिकाटी संपते.

तिसरं, एका कार्ट्रिजमध्ये एकच खेळ साठवता येतो. धाकट्याने नवा खेळ सुरू करून तो साठवला की ताईची महिन्यांची मेहनत गेली. दोन मुलं आणि एक कार्ट्रिज असं गणित घरात जमवू नका.

चौथं, एका शहरात चक्क जुगाराचा अड्डा आहे, फिरत्या चित्रांच्या यंत्रांचा. पोरीगॉन नावाचा प्राणी फक्त तिथल्याच बक्षिसांत मिळतो. खरा पैसा लागत नाही आणि अड्डा चालवणारी टोळी खलनायकांची आहे, हे खरं. तरी मुलांशी बोलून घ्यावं, असं हे ठिकाण आहे.

मग ताळेबंद काय सांगतो? मला यात दोन तऱ्हेचा अपुरेपणा दिसतो. एक हेतूने ठेवलेला : अर्धे प्राणी तुझ्याकडे, अर्धे माझ्याकडे. दुसरा अनवधानाने राहिलेला : भुतांची चूक, खोक्यांची कटकट. दुसरा पुढे बराच दुरुस्त झाला. १९९९ मध्ये जपानात आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये सायकिकांना वेसण घालणारे दोन नवे प्रकार आले आणि भुतांचे डावही लागू पडू लागले. पहिला मात्र त्यांनी राखला, आणि माझ्या मते खेळ टिकला तो त्यामुळेच. आताचे बरेच फोनवरचे खेळही तुमच्यासमोर काहीतरी अपुरं ठेवतात, पण ते पुरं करायला पैसे मागतात. हा खेळ माणूस मागतो.

कुणाला आणून बघायचा असेल तर चार व्यवहाराच्या गोष्टी. जुन्या बाजारात नकली कार्ट्रिजं भरपूर आहेत, ओळखीच्या दुकानातून घ्या. खेळ साठवून ठेवण्यासाठी आत एक छोटा सेल असतो. पंचवीसहून अधिक वर्षांत अनेकांतला तो संपलेला असतो. म्हणून विकत घेण्याआधी खेळ साठवा, यंत्र बंद करा, पुन्हा लावून पाहा. सेल बदलता येतो, पण बदलताना साठवलेला खेळ जातो. गेम बॉयच्या मॉडेलप्रमाणे केबल वेगळी असते, विचारून घ्या. आणि रेड आणि ब्लू अशी जोडीच घ्या, एक आपल्या घरी, दुसरं भावाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी. एकच घेतलंत, तर खर्चाची बाजू सगळी तुमच्याकडे येईल आणि जमेची अर्धी दुकानातच राहील.

आणि हो, मुलांची अदलाबदल चालू असेल तर ट्रॅफिकची घाई करू नका. दहा मिनिटं थांबा, आणखी एक चहा घ्या.