पात्र कोण, अपात्र कोण?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप.)

कुमारवयीन मुलींसाठी मी सध्या एक कादंबरी लिहिते आहे. तिची नायिका चौदा वर्षांची आहे आणि ती दुष्ट आहे. हे सांगितलं की आपल्यातल्याच काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतात. एकीनं तर मला तोंडावर विचारलं, "बाईच बाईची शत्रू असते असं म्हणणाऱ्यांच्या हातात हे आयतं कोलीत कशाला देतेस?" तिचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून आज तिथूनच सुरुवात करते.

हे वाक्य आपण सगळ्यांनी घरात, पोलीस ठाण्यात, बैठकीत ऐकलेलं आहे. घर कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या हातात, निर्णय कुणाचा, यातलं काहीही न विचारता सासू-सुनेकडे बोट दाखवायचं, ही समाजाची जुनी सोय आहे. ती आपण नाकारली हे बरोबरच केलं. पण म्हणून बायका बायकांना छळतच नाहीत असं म्हणू लागलो, तर जिचा छळ झाला तिच्याकडेच आपण पाठ फिरवतो.

जळगावच्या डॉ. पायल तडवीची आठवण करून देते. स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या या आदिवासी मुलीनं २२ मे २०१९ रोजी मुंबईत आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा करणं न्यायालयाचं काम आहे. पण त्या दिवसांत "बघा, शेवटी बायकाच!" असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. पायलची आई आबेदा तडवी मात्र तसं म्हणाल्या नाहीत. रोहित वेमुलाची आई राधिका यांच्यासोबत त्या २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि उच्च शिक्षणसंस्थांमधला जातिभेद रोखणारी यंत्रणा त्यांनी मागितली. छळाला ताकद कुठून मिळते, हे त्या आईनं नेमकं ओळखलं होतं.

माझ्या कादंबरीला मी हाच नियम घालून घेतला आहे. मुलीच्या दुष्टाव्याला ताकद कुठून मिळते ते दाखवायचं. आणि ती ताकद तिनं स्वतः वापरली, हेही सुटू द्यायचं नाही.

आता गोष्ट सांगते. नायिकेचं नाव समृद्धी. ती अमरावतीला राहते. वडिलांचं कृषी केंद्र मूर्तिजापूरला, पण मुलांच्या शाळा-शिकवण्यांसाठी बिऱ्हाड अमरावतीला. वडील बडनेऱ्याहून गाडीनं रोज जाऊन-येऊन करतात. अशी घरं आपल्या वऱ्हाडात ढिगानं आहेत. तिच्या वर्गात वैष्णवी नावाची नवी मुलगी येते. ती मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडिलांनी आत्महत्या केली, म्हणून आईनं तिला अमरावतीला मामाकडे ठेवलेलं. गणितात ती समृद्धीच्या पुढे जाते.

समृद्धी मारत नाही, शिव्या देत नाही. मुलींचा छळ बहुतेक वेळा असाच असतो. वळ उठत नाही, त्यामुळे बाईंना दाखवता येत नाही. वैष्णवी "मले, तुले" बोलली की ही तिची नक्कल करते. खरं तर समृद्धीची आजीही तशीच बोलते, पण आजीला ती पालकसभेला येऊ देत नाही. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग'मधून याच बोलीतली कौतिक उभ्या मराठी साहित्यापुढे आणली. आमच्या शाळांत अजून या बोलीची लाज वाटते. मग समृद्धी मुलींचा व्हॉट्सॲपवर गट करते, एकटी वैष्णवी सोडून. डबा खायला तिच्याजवळ कुणी बसायचं नाही असं ठरतं. गावानं कुणाला वाळीत टाकलं तर त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. आठवीच्या वर्गात हेच होतं तेव्हा त्याला आपण "पोरींची कट्टी" म्हणतो.

आणि एक दिवस, गणिताचे मार्क वाचून झाल्यावर, भर वर्गात समृद्धी म्हणते, "तुझा बाप तर मेल्यावरही अपात्रच निघाला."

हे वाक्य बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. इथे बसलेल्या मैत्रिणींना सांगावं लागणार नाही, तरी लेखात यायला हवं म्हणून सांगते. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर वारसांना १ लाख रुपये मदत, असं २००६ च्या शासन निर्णयानं ठरलं. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण ती मदत सरसकट नाही. शेती कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. नापिकीमुळे ते फेडता आलं नाही असं दिसायला हवं. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि त्यावर शेरा पडतो: पात्र, किंवा अपात्र. कृषी केंद्रावरची बियाण्या-खताची उधारी, नातेवाइकाकडून उचललेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज, हे या हिशेबात बसत नाही. बाईनं शेतीत जन्म घालवला तरी सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचित असतं. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं लक्ष्मीमुक्तीचं काम आठवा. ते कागदावरच्या नावासाठीच होतं.

वैष्णवीच्या बापाचं कर्ज उधारीचं होतं. आणि ती उधारी समृद्धीच्याच वडिलांच्या दुकानातली होती. "प्रकरण अपात्र झालं, आपले पैसे बुडाले," हे तिनं जेवताना वडिलांच्या तोंडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं. शब्द सरकारी, बातमी बापाची, जीभ मात्र तिची. या तिन्ही गोष्टी वाचणाऱ्या मुलीला एकाच वेळी दिसाव्यात एवढीच माझी खटपट आहे.

दुसऱ्या दिवसापासून वैष्णवी शाळेत येत नाही. काही दिवसांनी कळतं, ती अकोल्याला एका वसतिगृहात राहायला गेली. इथे कादंबरीचा अर्धा भाग संपतो आणि खरा प्रश्न सुरू होतो: समृद्धीनं आता काय करायचं?

आपल्याकडे सुधारलेल्या पाप्याची सर्वांत मोठी गोष्ट वाल्याची. सात रांजण खडे भरेपर्यंत त्यानं माणसं मारली, मग तप केलं आणि वाल्याचा वाल्मिकी झाला. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट पुन्हा आठवून बघा. त्यात वाल्याचं तप आहे, त्याचं वारूळ आहे, त्याची बायकामुलं आहेत. एकेका खड्यामागे जो माणूस मेला, त्याच्या घरचं कुणीही गोष्टीत येत नाही. जुन्या काळचं प्रायश्चित्तही असंच. पंचगव्य घ्या, जेवणावळ घाला, शुद्ध व्हा. ज्याचं नुकसान झालं त्याच्या पदरात काय, हे कुणी विचारायचं नाही.

मुलग्यांना निदान चुकायला तरी मोकळीक आहे. साने गुरुजींचा श्याम चुकतो, आई समजावते, तो शिकतो. गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे यांना उनाडपणाची मुभा आहे. मुलीला आपल्या गोष्टींतून मिळतं ते आवडतीचं किंवा नावडतीचं ताट. ती एक तर सोशिक, नाही तर कजाग. चुकलेली आणि त्यातून वाट काढणारी मुलगी वाचायला मिळाली नाही, तर चुकलेल्या मुलीनं आपल्यासाठी काही वाट आहे हे समजायचं कुठून?

शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी पारायणं करून वाचली. लुइसा मे अल्कॉटची मूळ कादंबरी १८६८-६९ ची. त्यात धाकटी ॲमी रागाच्या भरात ज्योचं लिखाणाचं बाड जाळून टाकते. कित्येक वर्षांची मेहनत जाते. ॲमी रडते, माफी मागते. ज्यो माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी बर्फावर खेळताना ॲमी पाण्यात पडून मरता मरता वाचते, आणि अपराधी वाटतं ते ज्योला! वही जिची जळली, तिनंच स्वतःच्या रागाबद्दल रडायचं. पुस्तक मला आजही प्रिय आहे. पण हा हिशेब आपल्या ओळखीचा नाही का? "झालं गेलं विसर, तू समजूतदार आहेस, मन मोठं कर." समझोत्याच्या किती बैठकांत हे वाक्य मार खाल्लेल्या बाईलाच ऐकवलं जातं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

म्हणून माझ्या कादंबरीत माफी मिळत नाही. समृद्धी शनिवारी एकटीच अकोल्याला जाते. अमरावती-अकोला महामार्गाचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण जून २०२२ मध्ये साडेचार दिवसांच्या आत झालं, त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. रस्ता झटपट होतो. ते पुढचं बोलणं झटपट होत नाही. वसतिगृहाच्या फाटकात ती पाठ केलेली माफी म्हणते. वैष्णवी ऐकून घेते आणि म्हणते, "तुही माफी तुह्याजोळच ठेव. मले कायले देतं?" आणि आत निघून जाते.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून सुचवलं की शेवटी दोघींना गळ्यात गळे घालताना दाखवा, मुलांच्या पुस्तकाचा शेवट गोड हवा. मी त्यांना म्हटलं, माझ्या शेतकरी वाचक मुलींना 'माफी' हा शब्द चांगला ठाऊक आहे. त्यांच्या घरात कर्जमाफीची यादी बघायला बाप चार चकरा मारतो. शेतकरी संघटना म्हणत आली की माफी गुन्हेगाराला असते. शेतकऱ्याचा गुन्हा नाही, तेव्हा कर्जमुक्ती म्हणा. मला हा फरक फार उपयोगी पडला. समृद्धीचा गुन्हा आहे, म्हणून तिनं माफी मागणं योग्यच. पण माफी देणं हे वैष्णवीचं कर्तव्य होत नाही. समृद्धीच्या हातात उरते ती परतफेड. देणेकऱ्यानं फेडत राहावं. समोरच्यानं हसून पावती द्यावी अशी सक्ती त्याला करता येत नाही.

मग ती काय फेडते? ज्या वर्गात बोलली त्याच वर्गात, त्याच मुलींपुढे उभी राहून ती सांगते की आपण काय बोललो, ते कुठून ऐकलं आणि 'अपात्र' हा शेरा कशामुळे पडतो. ज्या गटाची ती राणी होती तो गट तिला सोडतो. घरी ती वडिलांना उधारीच्या वहीतल्या त्या पानाबद्दल विचारते. वडील म्हणतात, "तुझी फी कुठून भरतो मी, ठाऊक आहे का?" या प्रश्नाचं उत्तर चौदा वर्षांच्या मुलीजवळ नाही. पण तो प्रश्न तिला पडला, आणि पुन्हा तिनं वैष्णवीच्या दारात जाऊन स्वतःच्या मनःशांतीसाठी तिला त्रास दिला नाही, इथे मी कादंबरी थांबवते.

काही प्रकरणं मी अमरावतीतल्या एका वस्तीत आणि अकोला जिल्ह्यातल्या एका गावात किशोरींच्या गटात वाचली. वस्तीतल्या मुली समृद्धीवर चिडल्या. तिला शाळेतून काढा म्हणाल्या. गावातल्या गटात एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "बाई, तिनं माफ नाई केलं, तं समृद्धी आता चांगली झाली का नाई, हे सांगन कोन?" मी तो प्रश्न गटापुढेच ठेवला. अर्धा तास मुली भांडल्या. शेवटी एकीनं सांगितलं, "पुढच्या वर्षी वर्गात नवी पोरगी येईन ना, तवा समजते."

मैत्रिणींनो, त्या मुलीचं उत्तर मी इथे तुमच्या हवाली करते. आपल्या किशोरी गटांत आपण आरोग्यावर, पाळीवर, छेडछाडीवर, बालविवाहावर बोलतो. बाहेरच्या जगानं मुलीवर केलेला अन्याय आपल्याला चटकन दिसतो. त्याच गटात सतरंजीच्या कडेला कोण एकटी बसते, कुणाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, कुणाच्या बोलीला सगळ्या हसतात, हेही विषयपत्रिकेवर घ्या. छळणाऱ्या मुलीला हाकलून देऊ नका. ती बाहेर जाऊन तेच करील. तिच्यासाठी दार उघडं ठेवा. पण ते उघडं ठेवण्याचं ओझं जिला छळलं तिच्या डोक्यावर देऊ नका. ते काम आपलं, गटाचं आहे.

आणि 'पात्र' हा शब्द कादंबरीवाल्यांचाही आहे, हे जाता जाता सांगते. कादंबरीत समृद्धी आणि वैष्णवी दोघीही पात्रं आहेत. त्यासाठी कुठल्या समितीचा शेरा लागत नाही.

तुमचे आक्षेप ऐकायला मी बसले आहे. बोला.