व्याकरणाशिवाय रूपांतर नाही



मुदखेडच्या माणसाला रेल्वे समजावून सांगायला नको. मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज यांची गाठ पडे, त्या काळी माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. संगणकातील कागदपत्रांचे आज तसेच आहे. मथळा कोणता, तळटीप कोणती, तक्ता कोठे संपतो हे सांगणाऱ्या खुणा प्रत्येक पद्धतीत निराळ्या असतात.

एक खूण काढून दुसरी घातली की झाले, असे पुष्कळांना वाटते. आपली पहिली वेलांटीच पाहा. युनिकोडपूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत ती दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘स्थिती’ या शब्दात ती सबंध जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावी लागते. म्हणजे जोडाक्षर कोठे संपते, हे आधी कळले पाहिजे. तक्त्यात यादी आणि यादीत तळटीप असली, तर तेथेही हाच न्याय.

रचना ओळखायची तर व्याकरण हवे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ नावाचा प्रोग्राम केला. त्याचे वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्याला व्याकरणाचे नियम द्यावेत, आणि त्या नियमांनी मजकूर वाचणारा प्रोग्राम त्याने तयार करून द्यावा. अशा साधनाला पार्सर जनरेटर म्हणतात. तेथेच ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी त्याच्या आधारे ‘ईक्यूएन’ रचला. गणिताच्या सूत्रांच्या सोप्या खुणा वाचून तो त्यांचे ‘ट्रॉफ’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामच्या आज्ञांत रूपांतर करी.

दहा पद्धतींत परस्पर रूपांतर करायचे, तर नव्वद प्रोग्राम लागतील. मध्ये एकच सामाईक रचना ठेवली, तर दहा वाचणारे आणि दहा लिहिणारे, असे वीस पुरतात.

कामगाराला याचे काय, असे कोणी विचारील. करारपत्रातली ‘हंगामी कामगार वगळून’ ही तळटीप भलत्याच कलमाला चिकटली, तर कोणाच्या तरी हक्काची भाकरी जाते. नियम लिहिलेले असले, की ते कोणालाही तपासता येतात. नियमात न बसणारी ओळ आली, की यंत्र अडते आणि ओळ दाखवते. मुकाट्याने चुकण्यापेक्षा असे अडणे शतपटीने बरे. मात्र नियमच चुकीचा लिहिला, तर यंत्र तीच चूक इमानाने करीत राहील.

म्हणून जुने दप्तर नव्या पद्धतीत नेताना दोन गोष्टी मागा: रूपांतराचे नियम उघडे ठेवा, आणि मूळ प्रत जपून ठेवा.