जन्माची भिंत आणि कामगारांची एकजूट
(भिलाई येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांपुढे केलेले भाषण)



आपण ज्या गावात जमलो आहोत त्याचे आपल्या रेल्वेवाल्यांवर रोजचे ऋण आहे. ज्या रुळांवरून आपल्या गाड्या धावतात त्यांतले कितीतरी इथल्याच पोलाद कारखान्यात लाटले गेले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांत उभ्या राहिलेल्या या गावात छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, बिहारी आणि आपण मराठी असे सगळे पोटासाठी आलो. पण त्याच गावात 'भूमिपुत्र कोण, उपरा कोण', 'कायम कोण, कंत्राटी कोण' हे प्रश्नही उभे आहेत. ते कोण उभे करतो आणि त्यांचा फायदा कोणाला होतो, हे समजावे म्हणून आज आम्ही एका अमेरिकन वकिलाची हकीकत सांगणार आहोत.

त्याचे नाव मॅडिसन ग्रँट. जन्म १८६५, न्यूयॉर्क, घराणे धनाढ्य. येल विद्यापीठात शिकला, १८९० साली कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र फारशी केली नाही. पोटाची चिंता नव्हती. न्यूयॉर्कचे मोठे प्राणिसंग्रहालय उभारण्यात त्याचा पुढाकार होता. रेडवुडची हजारो वर्षांची झाडे आणि नामशेष होत चाललेले गवे वाचवण्यासाठीही तो झटला. झाडाला जपणारा हा माणूस माणसाला मात्र जातवार विभागून मोजत असे. १९०६ साली त्याच प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोतील तरुणाला माकडांच्या घरात लोकांना दाखवण्यासाठी ठेवले गेले. ग्रँट तेव्हा संस्थेचा सचिव होता. न्यूयॉर्कच्या काळ्या धर्मोपदेशकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे त्या तरुणाची सुटका झाली. मायदेशी परतणे काही त्याला जमले नाही. मार्च १९१६ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्याच १९१६ साली ग्रँटचे 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हे पुस्तक बाहेर पडले. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : उत्तर युरोपचे गोरे जन्मानेच श्रेष्ठ, बाकीचे कनिष्ठ, कनिष्ठांना देशात येऊ दिले तर श्रेष्ठ वंश बुडेल. तो सभा गाजवणारा पुढारी नव्हता, रस्त्यावर लाठी घेऊन उतरणाराही नव्हता. समित्या, निवेदने, कायदेमंडळातल्या ओळखी ही त्याची हत्यारे. परदेशी माणसांना रोखू पाहणाऱ्या संघटनेचा तो उपाध्यक्ष होता. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना अमेरिकेत बंदी झाली. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वाटा ठरवला. त्यासाठी आधार मुद्दाम १८९० सालच्या शिरगणतीचा घेतला, कारण इटालियन, पोलिश, ज्यू मजुरांचा मोठा लोंढा त्यानंतर आला होता. कायदा करणाऱ्यांना सल्ला देणाऱ्यांत ग्रँट होता. तो १९३७ साली वारला, पण त्याचे पुस्तक वारले नाही. युद्धानंतर न्युरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हा आरोपीच्या बचावात या पुस्तकातले उतारे पुढे करण्यात आले. हे विचार अमेरिकेतही होते, असे त्यांना दाखवायचे होते.

आता तुम्ही विचाराल, या श्रीमंत वकिलाशी आपला काय संबंध? संबंध असा की भिंतीचा नकाशा वकिलाने काढला, पण विटा वाहिल्या त्या पुष्कळदा कामगारांनीच.

१९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आशियाई मजुरांविरुद्ध जी लीग निघाली ती कामगार संघटनांनीच काढलेली होती. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम या गावी लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना शेकडो गोऱ्यांच्या जमावाने, ज्यांत गिरणी कामगारही होते, मारहाण करून गावाबाहेर हाकलले. हे मजूर स्वस्तात काम करून आमचा पगार पाडतात, अशी त्यांची तक्रार होती. पगार कोण ठरवतो? मालक. पण मालकाच्या दाराशी जाण्याऐवजी ते मजुराच्या झोपडीवर गेले.

त्याचे फळ पुढे पोलाद कामगारांना मिळाले. सप्टेंबर १९१९ मध्ये अमेरिकेतील सुमारे साडेतीन लाख पोलाद कामगार संपावर गेले. बारा-बारा तास भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांची आठ तासांची मागणी होती. मालकांनी काय केले? हेर पेरले, इटालियनांना सर्बांविरुद्ध चेतवले, 'संप हा परक्यांचा डाव आहे' म्हणून पत्रके काढली. ज्या काळ्या कामगारांना अनेक युनियनांनी आपले दार बंद ठेवले होते, त्यांच्यातूनच संप फोडायला माणसे आणली. जानेवारी १९२० मध्ये संप मोडला. ज्याला आपण सभासद करून घेतले नाही, त्याने आपला संप पाळावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आपली माणसे तरी या रोगातून सुटली होती काय? नाही. भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाने अमेरिकन नागरिकत्व मागितले. त्याच्या वतीने युक्तिवाद झाला की, आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोऱ्यांतच मोडतो. सखाराम गणेश पंडित हे नावावरून आपल्यातलेच वाटणारे वकील त्याच्या बाजूने उभे होते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि मग ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांच्यावरही ते काढून घेण्यासाठी खटले सुरू झाले. खुद्द पंडितांवरही झाला. ते आपल्या हिकमतीने जिंकले. साथींनो, भिंत पाडा असे न म्हणता आम्हाला भिंतीच्या आत घ्या असे म्हटले, की असेच होते.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, ग्रँट शिकला त्याच कोलंबिया विद्यापीठात, त्याच १९१६ साली एक मराठी विद्यार्थी होता. भीमराव रामजी आंबेडकर. मे महिन्यात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर एक निबंध वाचला. जात म्हणजे गोऱ्या आर्यांनी रक्त राखण्यासाठी उभारलेला बंधारा, असे ग्रँटसारखे लोक मानत. पंचविशीच्या या तरुणाने सांगितले की, युरोपीय अभ्यासकांनी रंगाला नको तितके महत्त्व दिले आहे; आपापसातच लग्ने लावून बंदिस्त झालेला वर्ग म्हणजे जात. म्हणजे जात ही रक्तात नसते, ती माणसांनी घडवलेली असते. आणि जे माणसांनी घडवले ते माणसांना मोडता येते.

हे त्यांनी पुस्तकात ठेवले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते, हेही स्पष्ट केले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच का मरतो, असे त्यांनी विचारले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि शिवलेले चालत नाही, म्हणून पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही. 'कामगार सगळे एक' म्हणणाऱ्या युनियनवाल्यांनी हे का पाहिले नाही? साथींनो, हा प्रश्न आमच्या-तुमच्या वडीलधाऱ्यांना होता.

आणि तो आम्हालाही आहे. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात कंत्राटी सफाई कामगारांना चहा वेगळ्या पेल्यातून मिळे. भिंतीवर युनियनचा फलक होता, एकजुटीचा विजय असो. आम्ही त्या फलकाखाली बसून चहा पीत होतो. किती वर्षे? मोजायला लाज वाटते.

या भिलाईत शंकर गुहा नियोगी नावाचा माणूस राहिला. मूळचा बंगाली, जलपाईगुडीचा. छत्तीसगढी खाणमजुरांनी त्याला कधी उपरा म्हटले नाही, कारण तो कंत्राटी मजुराच्या बाजूने उभा होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे झोपेत त्याचा खून झाला. पुढे १ जुलै १९९२ रोजी इथल्याच पॉवरहाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पंधराहून अधिक जीव गेले. त्यांची मुख्य मागणी कायम नोकरी आणि जगण्यापुरता पगार ही होती. रूळ आपला होता, साथींनो. त्यावर सांडलेले रक्त कोणत्या जातीचे, कोणत्या प्रांताचे, हे कोणी सांगू शकेल काय?

म्हणून आमचे सांगणे तीनच गोष्टींचे आहे. टपाल खात्यातील कायम साथींनी ग्रामीण डाक सेवकाला आपला भाऊ माना. तो उन्हातान्हात तेच टपाल वाटतो. रेल्वेतील साथींनी ठेकेदाराच्या माणसाला सभेला बोलवा, त्याची मागणी आपल्या मागणीपत्रात पहिल्या पानावर घ्या, शेवटच्या नव्हे. आणि 'हा बाहेरचा, हा खालचा' असे कोणी तुमच्या कानात सांगू लागला, तर त्याला एकच विचारा : बाबा रे, याचा पगार मला वाढवून मिळणार आहे काय?

१९२४ च्या कायद्याने ठरवलेली देशवार वाट्याची पद्धत १९६५ साली मोडीत निघाली. पण ती वृत्ती मेलेली नाही. ती दर काही वर्षांनी नवा अंगरखा घालून येते, तिथेही आणि इथेही. तिला मालकाची तिजोरी पोसते हे खरे. पण कामगाराच्या मनात जागा मिळाली नाही तर ती उभी राहू शकत नाही, हेही तितकेच खरे. ती जागा देऊ नका.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. कामगार एकजूट जिंदाबाद!