तालाविना लय

आलापाला ठेका नसतो, तरी त्याची लय सुटली की साध्या श्रोत्यालाही खटकते. रोमन कॅथॉलिक चर्चचे जुने लॅटिन गायन, ज्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात, ते अशाच कानाने ऐकावे लागते. एकच स्वरपंक्ती, ठेका नाही; आणि गाणारे मात्र पंधरा-वीस. एकट्याला जे सहज साधते ते वीसजणांना एका वेळी कसे साधावे, हा गायकवृंद शिकविणाराचा खरा पेच आहे.

या पेचाचे मूळ लिपीत आहे. सांक्ट गालेन आणि लाँ येथील दहाव्या शतकातील हस्तलिखितांत स्वराची उंची नेमकी कळत नाही, रेघाच नाहीत. परंतु कोठे लगबगीने जावे, कोठे स्वर धरून ठेवावा, हे बारीक अक्षरांनी व इवल्याशा आडव्या रेघांनी दाखविलेले आहे. अकराव्या शतकात गुइदो द'आरेत्झो याने रेघांची पद्धत घालून दिली. उंची निश्चित झाली, आणि लयीच्या खुणा हळूहळू गळून पडल्या! एक हाती आले, दुसरे निसटले. पुढची चौकोनी स्वरचिन्हे बहुतेक एकसारखी दिसतात. नवशिका ती खिळे ठोकल्यासारखी गातो.

फ्रान्समधील सोलेमच्या मठाचे पुनरुज्जीवन गेरांजे यांनी १८३३ मध्ये केले. तेथील पोतिए यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात ही लय बोलण्याची लय आहे, असे मांडले. मोकेरो यांनी १८८९ पासून हस्तलिखितांची छायाचित्रे छापावयास आरंभ केला, आणि पुढे दोन-दोन, तीन-तीन स्वरांचे गट पाडून शिकविण्याची रीत बसविली. या रीतीने कच्चा वृंदही एकत्र चालतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच मठातील कार्दिन यांनी विसाव्या शतकात त्या जुन्या खुणा पुन्हा वाचून दाखविले, की सारे स्वर समान नाहीत. स्वराची लांबी त्याच्या अक्षरावर आणि स्थानावर ठरते. मला कार्दिन पटतात, मात्र पहिल्या महिन्यात वृंदाला मोकेरोंचा हात धरूनच चालवावे.

शिकविताना आधी सूर नकोच. शब्द मोठ्याने वाचावेत. 'दोमिनुस' या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर आहे. वृंद हटकून शेवटच्यावर आपटतो. तो आघातही जोराचा नव्हे, हलका, उचलून घेतलेला. येथे आपला ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब लावू नये, एक मात्रा व दोन मात्रा असे हे गणित नाही. मग तेच शब्द एका स्वरावर, आणि नंतर मूळ चालीवर. चालविणाराने हाताने टाळ्या मोजू नयेत. हवेत वळणे काढावीत. लांब स्वरमालिकेत सर्वांनी एकदम श्वास घेतला की ओळ तुटते, म्हणून तेथे श्वास वाटून घ्यावा लागतो.

शिवाय दगडी चर्चमध्ये आवाज घुमत राहतो. ओळीच्या मध्याचा विराम तो घुमारा विरेपर्यंत ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ गप्प उभे राहणे वीसजणांना गाण्याहूनही जड जाते.