न्यायासनावर कोणी बसावे?



कोर्टाचे नाव काढले की आपल्या माणसाच्या छातीत धडकी भरते. परंतु त्या खुर्चीवर बसणारा माणूस कसा निवडला जातो, याची चौकशी आपण कधी केली आहे काय?

सरकारी नोकऱ्या एका जातीच्या मुठीत होत्या, तेव्हा शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. पुढे परीक्षा घेणारे आयोग आले. आज घटनेच्या २३४ व्या कलमान्वये राज्यपाल लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्या सल्ल्याने केलेल्या नियमांनुसार दिवाणी न्यायाधीश नेमतात.

महाराष्ट्रात प्रथम १०० गुणांची चाळणी परीक्षा होते. तिचे गुण शेवटी धरीत नाहीत. मग १०० गुणांच्या दोन लेखी पत्रिका, आणि ५० गुणांची मुलाखत. लेखी पत्रिकेवर नाव नसते, गाव नसते, आडनाव नसते. तेथे तेंदूपाने तोडणाऱ्याचा पोरगा आणि वकिलाचा पोरगा सारखेच. मुलाखतीत मात्र तोंड दिसते, कपडे दिसतात, उच्चार ऐकू येतात. अडीचशेंत पन्नास म्हणजे पाचवा हिस्सा! म्हणून माझे मागणे असे की, मुलाखत घेणारांस लेखी गुण आधी कळू नयेत, आणि प्रश्न कायद्याचे व सचोटीचे असावेत, घराण्याचे नसावेत.

दुसरी गोष्ट. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा घातली. २००२ साली ती काढली होती. अनुभव हवा, हे मला मान्य आहे. कोऱ्या पोराने कोणाच्या जमिनीचा निकाल देऊ नये. पण भामरागडच्या माडिया मुलीने तीन वर्षे कमाईवाचून वकिली कोणाच्या जिवावर करावी? ज्याच्या बापाचे दप्तर तयार आहे, त्याला ही अट म्हणजे विसावा. आमच्या मुलीला उपवास! अट ठेवणारांनी होतकरू वकिलांस निर्वाहवेतन द्यावे. नाहीतर गुणवत्तेच्या नावाखाली पुन्हा पैशाचीच निवड होईल.

आपलेही कर्तव्य आहे. लग्नात कर्ज काढून वाजंत्री लावू नका; त्या पैशाची कायद्याची पुस्तके घ्या. तालुक्याच्या गावी मुलांना राहावयास खोली द्या. मी साधा मास्तर. पण एवढे जाणतो की, गुण आभाळातून पडत नाहीत, ते घडवावे लागतात. ज्या दिवशी माडिया फिर्यादीचे बोलणे दुभाष्यावाचून समजणारा न्यायाधीश एटापल्लीच्या कोर्टात बसेल, त्या दिवशी कोर्टाची धडकी जाईल.

सत्याचा जय असो.