पाहुणा आपल्या घरचा, घर आपल्या नावाचं

(अकोले तालुक्यातील महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे, हॉटेल चालवण्याची नाही. तरीही बाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितलं, कारण गेली काही वर्षं मी तुमच्या गावांत फिरते तेव्हा प्रत्येक ओटीवर एकच प्रश्न ऐकते. "ताई, आमच्याकडे पाहुणे ठेवावेत का? परवडेल का?" आज त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करते. जे सांगते आहे ते तुमच्यातल्याच घरांत पाहिलेलं आहे.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. डोंगर आपले, पाऊस आपला, पण पाणी खाली गेलं आणि ऊस तिकडे पिकला. उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणारी बाई मात्र वरच राहिली. आता पर्यटनाचा पैसा येतो आहे. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला, पावसात रंधा धबधब्याला, थंडीत सांदण दरी, रतनगड आणि कळसूबाईला माणसं येतात. तंबू लागतात, गाड्या लागतात. पण तंबू कोणाचे? बुकिंग कोणाकडे? आपली बाई तिथे भाकऱ्या थापते आणि भांडी घासते, रोजावर. पाण्याचं जे झालं ते या पैशाचं होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

पहिली गोष्ट जमिनीची

सुरुवात खोलीपासून नाही, सातबाऱ्यापासून करा. बाहेरचा माणूस येतो, गोड बोलतो. "जागा तुमची, पैसा माझा, मी बांधतो, दरवर्षी तुम्हाला रक्कम देतो." एका गावात अशा कागदावर म्हाताऱ्याचा अंगठा घेतलेला मी पाहिला. घरातल्या कोणाला तो कागद वाचता आला नव्हता. पुढे त्याच जागेवर मुलगा पहारेकरी म्हणून कामाला लागला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६ अ, एवढे शब्द पाठ करा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही, तशीच परवानगीशिवाय भाडेपट्ट्याने किंवा गहाणही देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालासुद्धा आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्यापलीकडच्या व्यवहाराला राज्य शासनाची मान्यताही लागते. म्हणून मुद्रांकावरचा साधा करार कोणी पुढे केला तर सही करू नका. "घरात विचारते, ग्रामसभेत ठेवते," असं सांगा. आपली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला जो मान देतो, तो वापरला तरच कामाचा.

एक खोली, पण नीट

दुसरी गोष्ट, कर्ज काढून सिमेंटची खोली बांधू नका. शहरातला माणूस स्लॅब बघायला इथे येत नाही. सारवलेली ओटी, कौलारू पडवी, उंबऱ्याशी रांगोळी, हे त्याला हवं असतं. घरातली एक खोली मोकळी करा. दोन वर्षं त्यावर चालवा, मग पुढचं ठरवा.

पैसा घालायचा तर आधी संडास-न्हाणीघरात घाला. पाहुणा जेवणातलं उणं सोसतो, संडासातलं सोसत नाही. फरशी, आतून कडी, दिवा, बादली, मग, साबण आणि अडकवायला दोन खुंट्या एवढं पुरेसं आहे. वयस्कर माणसं येतात, म्हणून जमलं तर एक कमोड बसवा.

खोलीत स्वच्छ गाद्या हव्यात, माणशी एक धुतलेली चादर हवी, उशीचे अभ्रे जादा हवेत. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, म्हणून प्रत्येक गादीमागे तीन चादरींचा हिशेब धरा. मच्छरदाणी, दाराला कुलूप आणि मोबाईल लावायला चालू बटण हवं. वीज जाते हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. म्हणून बॅटरी उशाशी ठेवा. विंचूकाट्याचा मुलूख आहे, रात्री बाहेर जाताना चप्पल आणि बॅटरी घ्यायला आल्याबरोबर सांगा. साप चावला तर भगताकडे वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. हा नंबर आणि गाडीवाल्या दादाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

पिण्याचं पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवा. आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायची रीत पवित्र शास्त्रातही आहे आणि तुमच्या ओटीवरही आहे. पण मे महिन्यात गावची विहीर खाली गेली असेल तर पाहुणे कमी घ्या. शेजारणीचा हंडा रिकामा ठेवून पाहुण्याची आंघोळ करवणं हा धंदा नव्हे.

ताटात काय वाढायचं

पनीर आणि नूडल्सच्या मागे लागू नका. ते त्याला घरी मिळतं. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, इंद्रायणीचा भात, पावसाळ्यात कुर्डू आणि भारंगीची भाजी, हे वाढा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. तेच बियाणं तुमच्या परसात आहे. ताटाशेजारी बसून त्या भाजीचं नाव सांगितलंत तर पाहुणा ती चव विसरत नाही.

दोन सूचना. तिखट बेतानं, ठेचा वेगळा द्या. आणि जेवणारे किती, शाकाहारी किती, लहान मुलं किती, हे आदल्या दिवशी विचारा. कोंबडीचे पैसे वेगळे, हेही तेव्हाच सांगा. जेवण झाल्यावर सांगितलं की वाद होतो.

हिशेब वहीत हवा

आता वही काढा. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या घरचे घालून बघा. समजा, मुक्काम, चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण मिळून माणशी ९०० रुपये घेतले. चार माणसं आली, ३,६०० झाले. बाई म्हणते, "ताई, एका दिवसात साडेतीन हजार!" थांबा.

किराणा, दूध, भाजी, गॅस १,००० रुपये. धुणं आणि साफसफाई २००. मदतीला घेतलेल्या मुलीची मजुरी ४००. वीज, साबण १००. गाद्या फाटतात, भांडी फुटतात, त्यासाठी दहा टक्के म्हणजे ३६० बाजूला. गावनिधीला पाच टक्के म्हणजे १८०. एकूण खर्च २,२४०. उरले १,३६०. सासू-सून दोघी पहाटे पाच ते रात्री दहा राबल्या, तर एकीच्या वाट्याला ६८० आले. ठीक आहे, परवडलं.

आता हेच पाहुणे एजंटाने आणले आणि त्याने वीस टक्के घेतले. ७२० गेले, उरले ६४०. एकीला ३२०. आणि शेजारणीने ६०० रुपयांत पाहुणा घेतला म्हणून तुम्हीही ६०० वर आलात तर? एजंट नसतानाही दोघींत मिळून उरतात ३४० रुपये. एकीला १७०. एवढ्यासाठी पहाटे पाचला चूल पेटवायची?

म्हणून दर गावानं मिळून ठरवा, बचत गटाच्या बैठकीत, आणि त्याच्या खाली कोणी जायचं नाही. पाहुणे पाळीपाळीनं घरोघर द्या. ज्याच्या घराला रस्ता आहे त्यालाच सगळे पाहुणे, असं झालं की गावात दुही पडते. आणि पैसे बाईच्या खात्यात जमा व्हावेत. काम तिचं आणि मोबाईलवरचा क्यूआर कोड नवऱ्याचा, असं मला बऱ्याच घरांत दिसलं आहे. मागे उभ्या असलेल्या दादांनी हे मनाला लावून घेऊ नये, पण विचार करावा.

बुकिंग आणि कागदपत्रं

बुकिंग घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या. न आल्यास किती परत मिळणार ते आधीच संदेशात लिहून पाठवा. ज्या गावात रेंज येत नाही, तिथे राजूरला किंवा अकोल्याला शिकणाऱ्या एका मुलीकडे किंवा मुलाकडे फोनचं काम द्या आणि त्याचा मोबदला द्या. खोलीचे फोटो जसे आहे तसेच पाठवा. संडास बाहेर असेल तर बाहेर आहे असं लिहा. रस्ता कच्चा असेल तर कच्चा लिहा. खरं वाचून आलेला पाहुणा तक्रार करत नाही, आणि त्याच्या चांगल्या शब्दावर पुढचे चार येतात.

पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करा. पैसे घेऊन जेवण देता, तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो भिंतीवर लावा. प्रत्येक पाहुण्याचं नाव, पत्ता, फोन आणि ओळखपत्र रजिस्टरमध्ये लिहा. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. ही कामं अवघड नाहीत. संस्थेचे कार्यकर्ते पहिला अर्ज सोबत बसून भरून देतील. दुसरा तुम्ही भरायचा.

नियम घरचे

नियम पाटीवर लिहा आणि पैसे घेण्याआधी पाठवा. दारू चालणार नाही. ज्या गावांतून बायांनी भांडून दारू काढली, तिथे ती पाहुण्याच्या पिशवीतून परत येऊ द्यायची नाही. "एवढा मोठा ग्रुप जाईल," अशी भीती वाटते. जाऊ द्या. दुसरा येतो, कुटुंबाला घेऊन येतो.

विचारल्याशिवाय बायांचे, मुलांचे फोटो काढायचे नाहीत. मुलांना चॉकलेट आणि पैसे वाटायचे नाहीत. मुलं गाडीमागे धावायला शिकली की शाळेकडे पाठ फिरते. वयात आलेल्या मुलीला एकटीला पाहुण्यांच्या खोलीत चहा घेऊन पाठवू नका, सोबत मोठी बाई हवीच. बोहाडा हा देवाचा उत्सव आहे, त्याच्या दिवशीच होईल. पाहुण्याने पैसे दिले म्हणून सोंगं नाचवायची नाहीत.

काजव्यांच्या दिवसांत गाडीचे दिवे, टॉर्च, स्पीकर बंद. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. आपल्या उजेडात त्याची खूण हरवते. मादी ओल्या मातीत अंडी घालते, तिथे पाहुण्यांनी गवत तुडवलं तर पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपले. वनविभागाची वेळ आणि वाट पाळा. हा अभयारण्याचा भाग आहे. पावसात सांदण दरीत कोणालाही नेऊ नका, दुप्पट पैसे दिले तरी नाही.

आवणी आधी

शेवटची गोष्ट. पाहुण्यांची गर्दी आणि भाताची आवणी एकाच महिन्यात येते. मी एक घर पाहिलं, जिथे जुलैभर पाहुणे होते आणि आवणी लांबली. हातात रोख आली, पण वर्षाचा भात अर्धा झाला. पुढे तांदूळ विकत आणताना ती रोख संपली. म्हणून आवणीचे आठ-दहा दिवस पाटीवर लिहा, "शेतीचं काम चालू, मुक्काम बंद." ज्याला खरंच गाव बघायचं आहे तो म्हणेल, मी येतो चिखलात. त्याला घ्या, पण मजूर म्हणून धरू नका. तो एक मूठ लावील आणि तीन तुडवील.

पाहुणे हा जोडधंदा आहे. आजार पसरला, रस्ता खचला, तर एका दिवसात बंद होतो. शेत, शेळी, कोंबडी आणि बचत गट, यांच्या बरोबरीनं तो चालवा, त्यांच्या जागी नाही.

आज घरी जाऊन तीनच कामं करा. सातबारा काढून त्यावर कोणाची नावं आहेत ते वाचून घ्या. संडासाचं दार बघा. आणि वहीत चार पाहुण्यांचा हिशेब आपल्या घरच्या आकड्यांनी मांडा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आपण गावाचा दर ठरवू.