मृग कोणी पाहिला आहे?

(जिल्हा बैठकीच्या आदल्या रात्री, जेवणानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या बैठकीत भाव, कर्ज, वीज हे सगळे यायचेच आहे. आज रात्रीचा हा तास आम्ही मागून घेतला तो वेगळ्या कामासाठी. आधी एक प्रश्न. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागला असे आपण सारेच म्हणतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी मृग डोळ्यांनी पाहिला आहे? हात वर करा.

पाच हात. ठीक आहे, आमच्या गावात दोनच वर आले होते.

लाजण्यासारखे काही नाही. जूनमध्ये मृग दिसतच नाही. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला. त्या दिवसांत हे नक्षत्र सूर्याबरोबर उगवते, सूर्याबरोबर मावळते. भर दुपारी ते आपल्या डोक्यावर असते, पण उन्हात तारे दिसायचे कसे? तोच मृग सहा महिन्यांनी, डिसेंबरात, दिवस मावळल्यावर पूर्वेला वर येतो आणि मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर असतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला ज्यांच्या वाट्याला रात्रीची लाइन येते, ते सारे मृगाखालीच दारे धरून उभे असतात. आपण तिकांडे म्हणतो ते एका ओळीतले तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण. भोवतीचे चार त्याचे पाय. त्यातला तांबूस तारा ती आर्द्रा. बाणाची रेघ एका बाजूला वाढवा, लखलखणारा व्याध सापडतो. दुसऱ्या बाजूला वाढवा, रोहिणी. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. पावसाळ्यात ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने थंडीच्या आकाशात ओळीने बसलेली आहेत. आपले पेरणीचे वेळापत्रक वर टांगलेले असते आणि आपण बॅटरी खाली धरून पाटाचे पाणी बघत असतो.

बरे, हे वेळापत्रकही जागचे हलते. पाऊस ऋतूंप्रमाणे येतो, नक्षत्र ताऱ्यांप्रमाणे लागते, आणि या दोघांची गाठ पक्की नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलण्याला सुमारे 26,000 वर्षे लागतात. त्यामुळे नक्षत्र लागण्याची तारीख साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांपूर्वी मृग लागायचा तो आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने 25 मेच्या आसपास, म्हणजे आज रोहिणी लागते तेव्हा. नक्षत्र हा घड्याळाचा काटा आहे, तो पाऊस पाडत नाही. अयनचलनाचा हा विचार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात मराठीतच मांडून ठेवला आहे. आपण मात्र अजून पंचांगात वाहन बेडूक आहे की गाढव ते पाहतो. दुबार पेरणीचे बियाणे कुठल्या वाहनावर लादून येत नाही, ते उधारीवरच आणावे लागते.

शहरातली माणसे आकाश पाहायला जिवाचे रान करतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना तारे दाखवते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने लोकलने वांगणीला लोक नेऊन रात्र रात्र कार्यक्रम केले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जॉन डॉब्सन नावाच्या गृहस्थाने हाताने घासलेल्या आरशांच्या स्वस्त दुर्बिणी केल्या आणि 1968 पासून त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट आकाश दाखवले. आमच्या पदरात काळोख फुकटात पडला आहे, तर आम्ही चौकात हायमास्ट मागतो! दिवा नको असे आमचे म्हणणे नाही. त्याचे तोंड खाली हवे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. देशातले ते पहिलेच. त्यासाठी भोवतालच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले. गावे काही अंधारात बुडाली नाहीत.

आमचा पहिला कार्यक्रम साफ फसला, तेही सांगतो. लोकांना यायला बरे म्हणून आम्ही पौर्णिमा धरली. चांदण्यात तारे दिसेनात. वर हॅलोजन, कर्णा आणि चार भाषणे. दुर्बिणीला गडी माणसांचा गराडा. बाया भिंतीशी उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. दुसऱ्या वेळी शुद्ध पंचमी धरली, भाषणे रद्द केली आणि आधी बायांची रांग लावली. त्या रात्री सत्तरीच्या एका आजींनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि मग आम्हालाच शिकवले. माघात तिकांडे मावळतीला झुकले की त्या दळायला उठायच्या. सप्तर्षींना त्या बाज म्हणतात, मागचे तिघे चोर.

या आजींची आणखी एक गोष्ट आहे. 16 फेब्रुवारी 1980 च्या सूर्यग्रहणाला त्यांना सातवा महिना होता. अंधाऱ्या खोलीत बसवले, पाण्याचा घोट नाही. पुढे मूल फाटक्या ओठाचे झाले. तू विळी हातात घेतलीस, असे त्यांना जन्मभर ऐकावे लागले. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितले, आजी, पोराचा ओठ पोटात दुसऱ्या महिन्यात जुळतो, ग्रहण लागले तेव्हा जे व्हायचे ते केव्हाच होऊन गेले होते. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. अकराला ढगाची फट पडली, चंद्र तांब्यासारखा दिसला. आजी पाच महिन्यांच्या नातसुनेला हाताला धरून अंगणात घेऊन आल्या. वर बघत म्हणाल्या, “एवढंच असतं होय?”

घरातली काही मंडळी त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाहीत. हेही सांगितले पाहिजे.

आता वायरमनदादांना बाहेरचे दिवे घालवायला सांगितले आहे. मंडपातल्या सतरंज्या उचलून शाळेमागच्या पटांगणात न्या. विंचूकाट्याची जागा दिवसाच झाडून ठेवली आहे. अर्धा तास कोणी बॅटरी किंवा मोबाइल लावू नका, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. फारच अडले तर लाल कागद लावलेल्या दोन बॅटऱ्या आमच्याकडे आहेत. चंद्र दहाच्या सुमाराला मावळेल, तोवर त्याच्यावरचे खड्डे पाहून घ्या. दुर्बिणीपाशी आधी मायबहिणी, मग पोरे, मग आपण. आणि ज्या पाच जणांनी हात वर केले, त्यांनी पूर्वेच्या बांधाशी उभे राहावे. तिकांडे बाकीच्यांना त्यांनी दाखवायचे आहे.